पहिल्यांदा ऑफ-रोड ड्रायव्हिंगच्या ट्रेनिंगला येतोयस ना?

थारला मोठे टायर लावायची घाई नको, कंपनीचे चालतील. कच्च्या वाटेला लागण्याआधी हवा २० पीएसआयच्या आसपास उतरव; पंप बरोबर ठेव, डांबरीवर येताच पुन्हा भरायची आहे. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर, गाडी थांबवून, न्यूट्रलमध्येच टाक.

खरा कस उतारावर लागतो. पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. इंजिनच गाडी धरून ठेवतं. सह्याद्रीतल्या ओल्या लाल मातीत ब्रेक दाबून चाकं लॉक केलीस, की स्टिअरिंग नुसतं फिरत राहतं. चढावर गाडी अडली तर वळवू नकोस, आडवी झाली की उलटते. ब्रेक धरून रिव्हर्स टाक, सरळ मागे ये. अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर ठेव. अ‍ॅक्सिलरेटर तुडवणारे हिरो एक-दोन असतातच, त्यांच्यापासून जरा लांब राहा.