मोगली एरंड, चंद्रज्योत, रतनजोत, जमालगोटा

प्रश्न असा आहे: शेताच्या कुंपणाला लावतात त्या झाडाला कोणी मोगली एरंड म्हणतात, कोणी चंद्रज्योत, कोणी रतनजोत, तर कोणी जमालगोटा. ही सगळी नावं एकाच झाडाची का? आणि एरंडेल याच्याच बियांचं का?

मोगली एरंड आणि चंद्रज्योत हे एकच झाड, जट्रोफा कर्कस. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून ते कुंपणाला आलं. २००३ नंतर जैवइंधनाच्या योजनांमुळे त्याची लागवड आणखी वाढली. रतनजोत हे त्याचं हिंदी नाव, पण मराठीत ते टाळावं. मसाल्याच्या दुकानात रतनजोत मागितली, तर तेलाला लाल रंग देणारी वेगळ्याच वनस्पतीची मुळं मिळतात. जमालगोटा मात्र चूकच. तो म्हणजे जेपाळ, क्रोटन टिग्लियम. दोन्हींच्या बियांनी जुलाब होतात, म्हणून नावांची सरमिसळ झाली.

खरा धोका 'एरंड' या शब्दात आहे. एरंडेल निघतं ते साध्या एरंडाच्या बियांतून. त्या बियांतलं रिसिन हे प्रथिन अत्यंत विषारी, पण ते तेलात विरघळत नाही आणि उष्णतेने निकामी होतं. म्हणून नीट तयार केलेलं एरंडेल औषधाला चालतं, पेंड मात्र विषारी राहते. मोगली एरंडाचं उलट आहे. त्याच्या बियांत कर्सिन हे विषारी प्रथिन असतंच, शिवाय फोर्बॉल एस्टर ही विषारी द्रव्यं असतात आणि ती तेलात उतरतात. त्यामुळे हे तेल पोटात घेण्याजोगं नाही. नावात एरंड आहे म्हणून ते एरंडेल समजू नये.

ओळखायला फळ आणि पान पुरेसं. एरंडाचं पान पंजासारखं खोलवर कापलेलं, फळावर बहुधा मऊ काटे, बी चकचकीत आणि ठिपकेदार. मोगली एरंडाच्या पानाला ३ ते ५ उथळ कोन, फळ गुळगुळीत, आधी हिरवं, मग पिवळं, वाळल्यावर काळपट. आत दोन-तीन काळ्या बिया, सुमारे २ सेंमी लांब. त्यांचा गर चवीला शेंगदाण्यासारखा लागतो, म्हणूनच मुलं एकाऐवजी मूठभर खातात. घशाची आग, उलट्या, पोटात कळा आणि जुलाब काही तासांतच सुरू होतात. शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं, लहान मुलांना ते फार जड जातं.

असाच फसवा शब्द रानकांदा. त्याला कोळकांदाही म्हणतात. तो कांदा नव्हेच. त्यातली विषं थेट हृदयावर काम करतात, आणि ती भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतल्या विषाच्याच रासायनिक गटातली आहेत. 'रान', 'मोगली' ही विशेषणं दिसण्यातलं साम्य सांगतात, खाण्यातलं नाही.

मुलाने बिया खाल्ल्या असतील तर तोंडातले तुकडे काढून चूळ भरायला लावा. मिठाचं पाणी पाजून किंवा बोट घालून उलटी करवू नका. लगेच दवाखाना गाठा. यावर उतारा नाही, उपचार मुख्यतः सलाईनचा आणि लक्षणांनुसार. डॉक्टरांना नुसतं 'एरंड खाल्ला' सांगू नका. फळ आणि पानासकट फांदी सोबत न्या, साधारण किती बिया आणि किती वाजता खाल्ल्या ते सांगा.