ऐरोलीहून मेलबर्नला जाताय? मग उन्हाळ्याचं ऐका

तुम्ही विचारलंय की जानेवारीत मेलबर्नला रुजू व्हायचंय, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी; ऐरोलीत दहा मे महिने काढलेत, तर तिथला उन्हाळा आपल्याला काय करणार? थंडीचे कपडे तेवढे घेतले की झालं ना?

मी मूळचा ठाण्यातल्या नौपाड्याचा. आधी चार वर्षं इंग्लंडात रेडिंगला होतो, आता मेलबर्नला. हे लिहितोय ते सुट्टीवर आईकडे, ऐन मे महिन्यात, पंख्याखाली बसून, आणि तरी गंजी पाठीला चिकटलेलीच आहे. थंडीचे कपडे घ्याच. पण तिथल्या हिवाळ्यासाठी, म्हणजे जूनसाठी घ्याल तसे ऐन उन्हाळ्यातल्या जानेवारीसाठीही हाताशी ठेवा.

आपला उन्हाळा वाईट असला तरी शब्दाचा पक्का असतो. सकाळी आठला जी चिकचिक, तीच रात्री दहाला. पारा ३५-३६ च्या पुढे फारसा जात नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावरच्या सोहळ्यात पारा ३८ च्या आसपास असताना १४ माणसं गेली, हे नवी मुंबईकरांना सांगायला नको. तेव्हा आपल्याकडचं ऊन मी कमी लेखत नाही. फक्त ते अंगवळणी पडलंय म्हणून तिकडचंही पडेल, हा हिशेब चुकतो.

मेलबर्नचं सगळं वाऱ्यावर आहे. उत्तरेकडून वारा सुटला की तो थेट ऑस्ट्रेलियाच्या पोटातलं वाळवंट घेऊन येतो, भट्टीचं दार उघडल्यासारखा. तोच फिरून नैऋत्येचा झाला की दक्षिण महासागराची थंडी आणतो. या बदलाला तिथे 'कूल चेंज' म्हणतात आणि तो यायला कधीकधी अर्धा तासही लागत नाही.

आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला कुरडया करायची हुक्की आली. इथे गॅलरीत दोन दिवस वाळवाव्या लागतात आणि कबुतरं राखत बसावं लागतं. तिथे सकाळी नऊला मागच्या अंगणातल्या टेबलावर घातल्या आणि दीडला खडखडीत! आई हरखून गेली. पारा ३९, पण घामाचा टिपूस नाही. साडेचारच्या सुमाराला वारा एकदम पडला. मिनिटभर पानही हललं नाही. मग मागचं दार धाडकन आपटलं, प्लास्टिक टेबलासकट उलटलं आणि निम्म्या कुरडया कुंपणापलीकडे. पाच वाजता २२ अंश होते आणि आई शाल मागत होती. दुसऱ्या दिवशी शेजारी ओंजळभर कुरडया घेऊन आला. विचारतो, ही कसली घरटी?

म्हणून कमाल तापमान बघून घराबाहेर पडू नका. ब्युरो ऑफ मिटिऑरॉलॉजीच्या ॲपवर तासागणिक अंदाज असतो, त्यात वारा कधी फिरतोय ते बघा. मुलीच्या दप्तरात स्वेटर रोज, ४० अंश असले तरी.

दुसरी सवय मोडावी लागेल ती खिडक्यांची. उकडलं की आपण सगळं सताड उघडतो. तिथे तापलेल्या दिवशी सकाळीच दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि वारा फिरला की सगळं उघडायचं. वहिनी अकोल्याच्या आहेत असं लिहिलंयत, तर या बाबतीत त्यांचंच ऐका. मेलबर्नचा कडक दिवस ठाण्यापेक्षा अकोल्याला जवळचा. बऱ्याच घरांत छतावर आपल्या वाळ्याच्या कूलरसारखीच पाण्यावर चालणारी यंत्रणा असते. ती लावली की मात्र खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, नाहीतर आतली हवा दमट होत जाते. भाड्याचं घर बघताना निजायच्या खोलीत एसी आहे का, हे आधी विचारा. जुन्या लाकडी घरांच्या भिंती नावालाच असतात.

(इंग्लंडचा अनुभव उलटा. १९ जुलै २०२२ ला कोनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले, त्या दिवशी इंग्लंडात पहिल्यांदाच पाऱ्याने चाळिशी ओलांडली. आमच्या फ्लॅटला ना पंखा ना एसी, भिंती उष्णता धरून ठेवायला बांधलेल्या, खिडकी चार बोटं उघडणार. एवढा घामाघूम मी ठाण्यातही झालो नव्हतो.)

वणव्यांचं थोडक्यात सांगतो. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नमध्ये ४६.४ अंश होते आणि व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्यांत १७३ माणसं गेली. संध्याकाळी वारा फिरला तशी आगीची लांबलचक बाजूच आघाडी होऊन पुढे सरकली. शहरात राहाल तर आग दारात येण्याची धास्ती नको, पण 'टोटल फायर बॅन'च्या, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी असलेल्या दिवशी डोंगराकडे सहलीला जाऊ नका. आगीचे, वादळाचे इशारे देणारं विक-इमर्जन्सी ॲप उतरवून ठेवा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला खटकलं: मुलीला पावसाळ्याच्या तोंडावर धाप लागते. मेलबर्नला ऑक्टोबर ते डिसेंबर गवताचे परागकण हवेत असतात. वादळात ते दमटपणाने फुटतात आणि बारीक कण थेट फुप्फुसात जातात. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी अशाच वादळानंतर हजारो लोक दवाखान्यांत गेले आणि १० जण दगावले. त्यात भारतीय उपखंडातून आलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. निघण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांकडून सगळे कागद घ्या, तिथे पोचल्यावर पहिल्या महिन्यातच फॅमिली डॉक्टर गाठून दम्याचा लेखी आराखडा करून घ्या, आणि धाप लागली की ओढायचा निळा पंप घरात, गाडीत, शाळेत असे तीन ठेवा. त्या मोसमात वादळाचा इशारा आला की मुलीला आत घ्यायचं, खिडक्या लावायच्या. आपल्यासारखं पहिल्या सरीत भिजायला सोडायचं नाही.

वीज जात नाही, असंही समजू नका. १३ फेब्रुवारी २०२४ ला तापलेल्या दुपारनंतर वादळ आलं, वीजवाहिनीचे मनोरे कोसळले आणि पाच लाखांहून जास्त घरं अंधारात गेली. आमच्याकडे इंडक्शन, म्हणजे चहासुद्धा नाही. आता गॅसची छोटी शेगडी ठेवली आहे.

टोपी रुंद काठाची घ्या, शाळेतही ती लागते. उन्हाचं क्रीम ढगाळ दिवशीही लावायचं. तिथलं ऊन गरम न लागता भाजतं.

कोकम, मसाले, पापड न्यायचे तर विमानातल्या फॉर्मवर जाहीर करा, लपवलंत तर मोठा दंड आहे. सोऱ्याला मात्र कुणी काही म्हणत नाही.