सरकारांनी हात आखडता घेतला तर माणसाला अंतराळात पाठवायचा पैसा कोण देणार?

तुम्ही विचारलंय की अमेरिकाच नासाचं बजेट कापायला निघाली आहे, मग गगनयानासारख्या गोष्टींचं काय होणार, खासगी कंपन्या पैसा घालतील का, आणि आपल्यासारख्या देशाने तो घालावा का. मी शास्त्रज्ञ नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या पाच-सहा कारखान्यांचे हिशेब लिहिते. पण दर फेब्रुवारीला अर्थसंकल्पाची कागदं उघडली की कापडाच्या आधी अंतराळ विभागाचं पान बघायची खोड मला जुनी आहे. त्या जोरावर लिहिते.

आधी नासाचं. व्हाइट हाऊसने 2026 या आर्थिक वर्षासाठी नासाला 1,880 कोटी डॉलर द्यायचा प्रस्ताव ठेवला. आधीचा आकडा 2,480 कोटींचा होता, म्हणजे चौथा हिस्सा गेला. पण कात्री कुठे लागली ते बघा. विज्ञान मोहिमांचे 730 कोटी 390 कोटींवर आणले, आणि माणसं चंद्र-मंगळाकडे पाठवायच्या खात्यात उलट 65 कोटींच्या आसपास वाढवले. माणसांना चंद्राकडे नेणारं नासाचं मोठं रॉकेट एसएलएस आणि त्यावर बसणारं ओरायन यान, ही दोन्ही आर्टेमिस 3 या चांद्रमोहिमेनंतर बंद करा, असंही त्यात होतं. अमेरिकेच्या संसदेने ते फारसं मनावर घेतलं नाही. जुलै 2025 मध्ये तिने याच कामांसाठी जवळपास 1,000 कोटी डॉलर वेगळे काढले आणि जानेवारी 2026 मध्ये वर्षाचं बजेटही जवळजवळ पूर्वीइतकंच ठेवलं. एवढं सगळं होईपर्यंत जे आठ महिने गेले, त्यात सुमारे चार हजार लोक स्वतःहून बाहेर पडायची योजना घेऊन नासातून जायला तयार झाले होते. पैसा परत आला, पण ही माणसं परत यायची नाहीत. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली खरी गोष्ट इथे आहे, आणि ती मला नासामुळे नाही, एका टॉवेल कारखान्यामुळे कळली.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तिथे अठरा माग चालू होते आणि प्रत्येकावर बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, चढलेला. टॉवेलच्या मागाला दोन बीम लागतात, एक तळाच्या कापडाच्या ताण्याचा आणि एक वर जी मऊ लव दिसते तिचा. बीम चढला म्हणजे सुताचे पैसे देऊन झालेत, खळ लावून झालीय, हजारो टोकं एकेक करून फणीतून ओवून झालीत. मालकांनी फोनवर विचारलं, "ताई, माग बंद म्हणजे खर्च बंद ना?" मी हो म्हटलं. वहीत तसंच दिसत होतं. तीन महिन्यांनी शटर उघडलं तर ताणे उंदरांनी कुरतडलेले, उरलेल्या सुताला कुबट वास, आणि माग सुरू केला की हातभर कापड विणून व्हायच्या आत धागा तुटायचा. सात बीम कापून काढले. ती टोकं ओवणारा कारागीर तेलंगणात गावी गेला होता, तिकडे त्याने किराणा दुकान टाकलं. दोनदा फोन केला, तो आला नाही. मी त्या वर्षी जी रक्कम 'बचत' म्हणून दाखवली होती, ती पुढच्या वर्षी दुप्पट होऊन खर्चाच्या बाजूला बसली.

अमेरिकेने हे 1970 मध्ये करून पाहिलंय. अपोलोच्या शेवटच्या तीन चांद्रमोहिमा रद्द झाल्या. त्यातल्या दोन त्या सप्टेंबरमध्ये कापल्या तेव्हा वाचले सुमारे 4.2 कोटी डॉलर. संपूर्ण कार्यक्रमाला अडीच हजार कोटी डॉलरच्या घरात खर्च झालेला. रॉकेटं बनलेली होती, अंतराळवीर सराव करत होते. आज ह्यूस्टनला अपोलोचं जे सॅटर्न 5 रॉकेट आडवं ठेवलंय ते नमुना म्हणून बनवलेलं नाही, खरोखर उडायला बनवलेल्या टप्प्यांचं आहे. कित्येक वर्षं ते उघड्यावर, उन्हापावसात पडून होतं. मागावर राहिलेला बीमच तो. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 परतलं, आणि तेच काम पुन्हा करायला आज एसएलएस-ओरायनच्या एकेका उड्डाणाला 410 कोटी डॉलर लागतात, असा हिशेब नासाच्याच महानिरीक्षकांनी 2022 मध्ये मांडला.

आता खासगी कंपन्या. इथे आमच्याकडची एक साधी विभागणी कामाला येते, रोजंदारी आणि उक्तं. एसएलएसचं काम बहुतेक रोजंदारीवर चालतं: झाला तो खर्च द्यायचा, वर ठेकेदाराचा नफा. काम लांबलं तरी ठेकेदाराचं काही बिघडत नाही. 2014 मध्ये नासाने अंतराळ स्थानकापर्यंत माणसं नेण्याचं काम मात्र उक्तं, म्हणजे आधी ठरवलेल्या रकमेत, दिलं, स्पेसएक्सला 260 कोटी डॉलर आणि बोईंगला 420 कोटी. स्पेसएक्सने मे 2020 मध्ये माणसं नेऊन दाखवली. बोईंगचं स्टारलायनर जून 2024 मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन गेलं आणि सप्टेंबरमध्ये रिकामं परत आलं. ते दोघे मार्च 2025 मध्ये स्पेसएक्सच्या यानातून उतरले. या सगळ्यात बोईंगला 200 कोटी डॉलरच्या वर खोट सोसावी लागली, स्वतःच्या खिशातून. उक्त्या कामाचं हेच आहे, अंगावर घेतलं की नफाही तुमचा आणि खोटही तुमची.

पण म्हणून 'आता खासगी पैसा आला, सरकारची गरज संपली' हे जे ऐकू येतं ना, त्यावर माझा विश्वास नाही. सूत कोणाचं, म्हणजे मुळात पैसा कोणाचा, ते बघावं. स्पेसएक्सच्या त्या यानाचं सूत नासाचं होतं. पर्यटकांच्या जिवावर धंदा उभा राहील हे तर 2001 पासून ऐकतोय, डेनिस टिटो दोन कोटी डॉलर देऊन रशियाच्या यानातून गेला तेव्हापासून. तसे पर्यटक अजून मोजकेच. 2030 नंतर आंतरराष्ट्रीय स्थानक पाडायचं ठरलंय, आणि पाडण्यासाठीच्या यानाचं कंत्राटसुद्धा 84 कोटी डॉलरचं आहे, तेही स्पेसएक्सकडे. त्याच्या जागी खासगी स्थानकं येतील म्हणतात. येतीलही एखाद-दोन. पण तिथल्या खोल्यांचं भाडं भरणार कोण, तर पुन्हा सरकारंच. त्यामुळे पुढची वीस वर्षं मला अशी दिसतात: सरकार कारखानदार राहणार नाही, गिऱ्हाईक होईल.

याचा एक पुरावा आपल्याच घरचा आहे. जून 2025 मध्ये ॲक्सिअम या अमेरिकी खासगी कंपनीच्या ॲक्सिअम 4 मोहिमेत शुभांशु शुक्ला गेले तेव्हा सोबत पोलंड आणि हंगेरीचे अंतराळवीर होते. या तिन्ही देशांचे पहिले अंतराळवीर सोव्हिएत यानातून गेलेले: पोलंडचा 1978 मध्ये, हंगेरीचा 1980 मध्ये, आपले राकेश शर्मा एप्रिल 1984 मध्ये. तेव्हा मैत्रीखातर जागा मिळाली होती. या वेळी तिघांनीही तिकीट काढलं, आपलं साडेपाचशे कोटी रुपयांच्या आसपास पडलं.

मग आपण गगनयान तरी का बनवतोय, तिकिटं काढत बसू की, असा प्रश्न येतो. मी त्याला साफ नाही म्हणेन, आणि कारण रशिया. सोव्हिएत अंतराळवीर सर्गेई क्रिकाल्योव्ह मे 1991 मध्ये त्यांच्या मीर या अंतराळ स्थानकात गेला आणि मार्च 1992 मध्ये उतरला, तेव्हा त्याला पाठवणारा देशच नकाशावर उरला नव्हता. तरी रशियाने सोयुझ, म्हणजे माणसं वर नेणारं आपलं यान, बंद पडू दिलं नाही. मोडकळीला आलेल्या अवस्थेत का होईना, माग चालू ठेवला. 2011 मध्ये अमेरिकेने आपलं शटल यान बंद केलं तेव्हा त्याच सोयुझची एकेक जागा शेवटी नऊ कोटी डॉलरपर्यंत विकली गेली. ज्याचा माग चालू, त्याला भाव.

गगनयानाला 2018 मध्ये 9,023 कोटी मंजूर झाले, सप्टेंबर 2024 मध्ये भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग धरून आकडा 20,193 कोटी झाला. डोक्यामागे 144 रुपये. हा हिशेब सगळे सांगतात, मला तो आवडत नाही, कारण 140 कोटींनी भागलं की कुठलीही उधळपट्टी स्वस्त दिसते. आमच्या शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "ते वर जाऊ देत गं, आधी नळाला रोज पाणी सोडा म्हणावं." चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात याला उलट बोलणं अवघड आहे. मी फक्त एवढंच म्हणाले की 2025-26 मध्ये केंद्र सरकारच्या प्रत्येक 100 रुपयांतले सुमारे 26 पैसे अंतराळ विभागाला गेले, उपग्रह-रॉकेटं सगळं धरून. तेवढे न देताही आपला नळ पाचव्या दिवशीच आला असता. काकूंना ते पटलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

शिवाय हा पैसा बंगळुरूतच जातो असं नाही. वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले, 1882 मध्ये. त्यांनी वसवलेल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटांची कवचं घडतात, आज नव्हे, कित्येक दशकं. 1940 मध्ये बंगळुरूत त्यांनीच काढलेली विमान कंपनी युद्धाच्या धामधुमीत सरकारने ताब्यात घेतली, तीच आजची एचएएल, हिंदुस्थान एरोनॉटिक्स. गगनयानात माणसं बसतील तशी कुपी 2014 च्या चाचणीत समुद्रात उतरवली, तिचा सांगाडा तिने बनवला होता, आणि 2025 मध्ये इस्रोचं छोटं रॉकेट एसएसएलव्ही बनवायचं तंत्र तिने 511 कोटींची बोली लावून घेतलं. अशा कारखान्यांना ऑर्डर कमी मिळाली तर ते तग धरतात. ऑर्डर आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे, असं झालं की ते ती यंत्रं दुसऱ्या कामाला लावतात.

म्हणून तुम्हाला पुढचं स्वतः बघायचं असेल तर घोषणांच्या तारखा सोडा. अंतराळ विभागाच्या पानावर 'अर्थसंकल्पीय अंदाज' आणि शेजारी 'सुधारित अंदाज' असे दोन रकाने असतात. पहिल्यात वर्षाच्या सुरुवातीला कबूल केलेला पैसा, दुसऱ्यात वर्ष संपताना खरोखर द्यायचं ठरलेला. 2020-21 मध्ये पहिल्यात 13,479 कोटी होते आणि दुसऱ्यात 9,500. गगनयान तेव्हा 2022 मध्ये उडणार होतं. आता माणसं घेऊन जायला 2027 सांगतात. यंदा ते दोन रकाने जवळजवळ असले तर 2027 वर विश्वास ठेवा. फट मोठी दिसली तर आणखी दोन वर्षं धरून चाला.