पटावरच्या दाण्यांना कशाकशाने भाग जातो?

प्रश्न : बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असं दुप्पट करत गेलं तर ६४ घरांत मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. शेवटी ५ आहे म्हणून ५ ने भाग जातो, असं नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, आणखी कशाने?" कॅल्क्युलेटरवर एवढे अंक मावत नाहीत. कागदावर याचे मूळ अवयव पाडता येतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : येतील की! आणि भागाकार फार करावे लागणार नाहीत. ही संख्या म्हणजे २ चा ६४वा घात उणे १. शाळेतलं 'वर्गांची वजाबाकी' हे सूत्र आठवा. ६४वा घात हा ३२व्या घाताचा वर्ग. म्हणून एक कंस '३२वा घात अधिक १' आणि दुसरा '३२वा घात उणे १'. या दुसऱ्याचे पुन्हा तसेच दोन कंस. असं खाली उतरत गेलात की हाती येतं :

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

(नातवाला मूळ संख्येतल्या अंकांची बेरीज करायला लावा. ८७ येते, म्हणजे ३ ने भाग जातो, ९ ने नाही.)

यातल्या पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. त्यावरून सतराव्या शतकात फ्रान्सचे गणितज्ञ फर्मा यांनी अंदाज बांधला, की या चालीची (२ चा घात दर वेळी दुप्पट करून त्यात १ मिळवलेली) प्रत्येक संख्या मूळच निघणार. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञांनी पत्र लिहून दुसरे गणितज्ञ ऑयलर यांचं लक्ष तिकडे वेधलं, आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी सहाव्याच संख्येला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. अंदाज तिथेच कोसळला.

६४१ सापडतो कसा? या सहाव्या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीहून १ ने जास्तच असावा लागतो. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्या प्रयत्नात काम फत्ते.

पण मला भागाकारापेक्षा ही सिद्धता जास्त आवडते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा. ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी उणे १, म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो. १२८ हा २ चा ७वा घात. चौथा घात घ्या : ६२५ × (२ चा २८वा घात) याची बाकी १. आता ६२५ च्या जागी उणे १६ ठेवा, कारण दोन्हींची बाकी एकच. १६ हा २ चा चौथा घात, म्हणजे २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १. त्यात १ मिळवला की शून्य. झालं!

भागाकार ६७,००,४१७ येतो. तोही मूळ आहे. म्हणजे एकूण सात वेगवेगळे मूळ अवयव, आणि तुमच्या संख्येचे विभाजक १२८.

६७,००,४१७ मूळ आहे हे माझ्या शब्दावर मानू नका. त्याचं वर्गमूळ २,५८९ पेक्षा कमी आहे, आणि ६४ च्या पटीचा नियम इथेही लागू पडतो, कारण याचा अवयव तो सहाव्या संख्येचाही अवयव. ६४१ च्या आधीच्या चार संख्या तर आपण आधीच बाद केल्या. म्हणून ६४१, ७६९, १,१५३, १,२१७, १,४०९, १,६०१ आणि २,११३ एवढ्यांनीच भागून पाहायचं. सात भागाकार नातवाच्या वहीत सहज मावतील.