शेतीतला रोजगार घटतोय की वाढतोय?

विकासाबरोबर लोक शेतीतून बाहेर पडतात असं शिकवतात, मग भारतात शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा पुन्हा वर का गेला, असं तुम्ही विचारलंय. उत्तर मिळतं ते केंद्र सरकारच्या रोजगारविषयक नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या (पीएलएफएस) तक्त्यांत, पण एकूण टक्केवारीच्या ओळीत नाही.

काम करणाऱ्यांपैकी शेतीत असलेले २०११-१२ मध्ये सुमारे ४९ टक्के होते, २०१८-१९ मध्ये ४२.५. कोविडच्या २०२०-२१ या वर्षात ते ४६.५ झाले. मजूर शहरातून गावी परतले, हे कारण तेव्हापुरतं पटतं. पण २०२३-२४ मध्येही आकडा ४६.१ आहे, आणि तोवर बरेच जण पुन्हा शहरात गेले होते.

आता ग्रामीण पुरुष आणि ग्रामीण स्त्रिया वेगळ्या काढा. २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात काम करणाऱ्या ग्रामीण पुरुषांतला शेतीचा वाटा ५५ वरून ४९.४ टक्क्यांवर उतरला. म्हणजे पुरुष शेती सोडतच आहेत. स्त्रियांमध्ये तो ७३.२ वरून ७६.९ वर गेला. शिवाय १५ वर्षांवरच्या ग्रामीण स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण) याच काळात २४.६ वरून ४७.६ टक्के झाला. नव्याने मोजल्या गेलेल्या या बायका बहुतेक शेतीत आहेत, त्यातल्या कितीतरी घरच्याच रानात बिनपगारी राबतात. याला शेतीतली रोजगारवाढ म्हणणं मला मान्य नाही. त्यांच्या हातात पैसा येत नाही.

बाहेर पडलेल्या पुरुषांना कारखान्यांनीही फारसं सामावून घेतलेलं नाही. एकूण रोजगारात कारखानदारीचा वाटा याच काळात १२.१ वरून ११.४ टक्क्यांवर आला. गावातल्या माणसाला बहुधा बांधकाम, वाहतूक नाहीतर दुकानदारी गाठावी लागते.

स्वतः हिशेब करणार असाल तर टक्केवारीवरून थेट माणसं मोजू नका. आधी त्या वर्षाची अंदाजित लोकसंख्या घ्या, तिला काम करणाऱ्यांच्या प्रमाणाने गुणा, मग क्षेत्राचा वाटा लावा. सर्वेक्षणातून निघणारी लोकसंख्या प्रत्यक्षाहून कमी असते, ती धरलीत तर प्रत्येक क्षेत्रातली माणसं कमी भरतील. सात महिने शेती आणि पाच महिने वीटभट्टी करणारा माणूस मुख्य कामामुळे शेतीतच मोजला जातो, भट्टीचं काम त्याचं दुय्यम काम ठरतं. आणि जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची पद्धत बदलली आहे, तेव्हा त्यापुढचे आकडे जुन्या आलेखाला तसेच जोडू नका.