पाणी समितीत बायका घेतल्यानं पाणी वाचतं का?

वाचतं. पण 'बायका घेतल्यानं' म्हणजे नक्की कसं घेतल्यानं, ते तुम्ही विचारलंच नाही. आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीत माझं नाव तीन वर्षं होतं आणि मी एकाही बैठकीला गेले नव्हते. रजिस्टर घरी यायचं, थोरले दीर म्हणायचे, "सही कर गं," की मी करायचे. कागदोपत्री निम्म्या बायका होत्याच.

मग एका वर्षी फाल्गुनातच सार्वजनिक विहिरीनं तळ गाठला. एरवी ती वैशाख काढायची. विहीर आणखी खोल करायचा ठराव येणार असं कळलं, तेव्हा आम्ही पाच जणी बैठकीला गेलो. विहिरीचं काय झालंय ते आम्हाला माहीत होतं, कारण रोज दोर आम्हीच सोडत होतो. पलीकडच्या उसाला नवं बोअर लागलं आणि आठ दिवसांत दोर दोन हात जास्त लागायला लागला. मी तसं बोलले. भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, "बायकांना जमिनीखालचं काय कळतं?"

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घ्यायचं नाही, हे राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्यात होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही कासऱ्याला कासरा बांधून अंतर मोजलं. ३१० मीटर भरलं. तालुक्याला अर्ज दिला, खेटे घातले, आणि बोअर त्या उन्हाळ्यापुरतं बंद झालं. ते बोअर आमच्याच भावकीतलं. चार महिने घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

हे फक्त आमच्याच गावात झालं असंही नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या संशोधकांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या होत्या (२००४). जिथे प्रमुखपद बाईसाठी राखीव, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला दिसला. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या वन समित्या पाहिल्या. नेपाळमध्ये सगळ्या बायकांच्या समित्यांच्या वाट्याला जंगल लहान आणि जास्त उजाड आलं होतं, तरी तिथे झाडोरा जास्त वाढला. आणि एकटीदुकटी बाई गप्प बसते, साधारण पाव ते तृतीयांश बायका झाल्या की त्या बोलायला लागतात, हेही त्यांनी दाखवलं. ते वाचलं तेव्हा मला आमची ती पाच जणींची रांग आठवली. एकटी असते तर मी भाऊजींसमोर तोंड उघडलं नसतं.

तुमच्या गावात समिती असेल तर एवढंच करा: रजिस्टर कुणाच्या घरी जाऊ देऊ नका. सही बैठकीतच, ठराव मोठ्यानं वाचून झाल्यावर.

एक मात्र सांगायला हवं. बाई आहे म्हणून निसर्ग राखेल असं काही नसतं. आमच्या पाचांतल्या दोघींनी अर्जावर सही केली नाही, त्यांच्या घरी ऊस होता. त्यांना मी दोष देत नाही. सातबारावर नाव नवऱ्याचं, पीक ठरवणार तो, आणि बाईनं समितीत जाऊन त्याच पिकाचं पाणी तोडायचं? म्हणून नुसत्या समितीतल्या जागेवर माझा भरवसा नाही. सातबारावर नाव लागेपर्यंत ही निम्मीच गोष्ट आहे.

भाऊजी अजून म्हणतात की विहिरीला पाणी आलं ते वळवाच्या पावसानं. वळीव त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आला. बोअर बंद झालं एप्रिलच्या सुरुवातीला आणि दहाव्या दिवशी दोर दीड हात कमी लागला. मी रोज दोराला गाठ मारून ठेवत होते.