वाचक विचारतात : ललिता पवार यांच्या अभिनयाची एक संध्याकाळ

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ८२ आहे आणि ललिता पवार या त्यांच्या अत्यंत आवडत्या अभिनेत्री. येत्या शनिवारी संध्याकाळी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून टीव्हीवर ललिताबाईंचे काम पाहावे, अशी त्यांची फार इच्छा आहे. माझ्या मुलांना मात्र त्या केवळ ‘रामायणा’तली मंथरा म्हणून ठाऊक आहेत आणि ‘ती दुष्ट म्हातारी’ याखेरीज त्यांच्याविषयी ती दुसरे काही बोलत नाहीत. काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे? त्यांचा एक डोळा तसा का दिसतो, असेही धाकटीने विचारले आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलांना मंथरा ठाऊक आहे ही अडचण मानू नये, संध्याकाळची सुरुवात तिच्यापासूनच करावी. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका दूरदर्शनवर जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी लागत असे आणि २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली गेली तेव्हा नव्या पिढीनेही ती पाहिली. संपूर्ण भाग लावण्याची गरज नाही. मंथरा कैकेयीचे कान भरते तेवढाच प्रसंग लावावा आणि मुलांना एकच गोष्ट पाहायला सांगावी : ही बाई स्वतःसाठी काय मागते? काहीच नाही. आपल्या कैकेयीचे भले व्हावे याच तळमळीने आपण बोलत आहोत, असे ललिताबाईंची मंथरा मनापासून मानते, आणि म्हणूनच पद्मा खन्ना यांच्या कैकेयीचे मन वळणे आपल्याला पटते. नुसता दुष्टपणा दाखवला असता तर कोणती राणी तिचे ऐकत बसली असती? (याच मालिकेतले दशरथ आणि कौसल्या म्हणजे बाळ धुरी आणि जयश्री गडकर हे प्रत्यक्षातही पती-पत्नी होते, ही गोष्ट सासूबाईंना सांगायला आवडेल.)

धाकटीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच द्यावे आणि ते सरळ शब्दांत द्यावे. ललिताबाईंचा जन्म १९१६ मध्ये येवल्याचा. मूकपटांच्या काळात त्या बालकलाकार म्हणून पडद्यावर आल्या आणि बोलपटांत नायिका झाल्या. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड अनवधानाने फार जोरात बसली, त्यातून चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. त्यानंतर त्यांनी चरित्र भूमिकांकडे वळून पुढची कित्येक दशके काम केले. त्या डोळ्याचा उपयोग त्यांनी खाष्ट सासू रंगवण्यासाठी केला हे सगळेच सांगतात, परंतु तोच चेहरा मायेने भरून आलेलाही मुलांनी पाहिला पाहिजे, आणि त्यासाठी संध्याकाळचा मुख्य चित्रपट ‘अनाडी’ असावा असे माझे ठाम मत आहे.

हृषीकेश मुखर्जी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अनाडी’त (१९५९) राज कपूर, नूतन आणि मोतीलाल आहेत, तरीही चित्रपट संपल्यावर मनात राहते ती मिसेस डिसा, मुंबईतली ख्रिस्ती घरमालकीण. भाडेकरू मुलावर ती तोंडाने सारखी करवादत असते आणि त्याच वेळी तो जेवला की नाही याची काळजी तिच्या आवाजात दडलेली असते. रागाचे वाक्य आणि प्रेमाचा स्वर या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात आणणे फार थोड्यांना जमले आहे. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. एक सूचना मात्र आधीच देतो : भेसळयुक्त औषधाने एका माणसाचा बळी जाण्याचा प्रसंग उत्तरार्धात आहे आणि तो जिव्हारी लागणारा आहे. सासूबाईंनी चित्रपट पूर्वी पाहिला असेलच, पण मुलांना थोडी कल्पना द्यावी.

चित्रपट मोठा आहे, म्हणून साडेसहाच्या सुमारास सुरू करून मध्यंतराला जेवणे उरकून घ्यावीत. एकाच रात्री दोन पूर्ण चित्रपट पाहण्याचा आग्रह धरू नये. सासूबाई थकतील आणि मुले कंटाळतील. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र दोन्ही बाजूंना ताणले जात नाही ना, हेही आधी पाहून ठेवावे. त्या काळातल्या कृष्णधवल चित्रपटांची चौकट बहुधा आजच्या पडद्याइतकी रुंद नसे. ते चित्र ताणले की चेहरे फुगीर दिसतात, आणि ज्या अभिनेत्रीचे निम्मे काम चेहऱ्यावर चालते तिच्यावर तो अन्याय होतो. ऐकू कमी येत असेल तर उपशीर्षके लावावीत.

सर्वांचा उत्साह टिकला तर दुसऱ्या शनिवारी ‘प्रोफेसर’ (१९६२) लावावा. घरातल्या मुलामुलींना करड्या शिस्तीत ठेवणारी बाई म्हातारा शिक्षकच हवा असा हट्ट धरते, शम्मी कपूर म्हाताऱ्याचे सोंग घेऊन येतो आणि बाईच त्याच्यात गुंतत जाते. एवढ्या कथेतून नुसता हशा उठवणे सोपे होते, परंतु ललिताबाई प्रौढ वयात उमललेल्या त्या भावनेची थट्टा होऊ देत नाहीत. मुले हसतील आणि मध्येच थांबतील. मला ही भूमिका मिसेस डिसाच्या बरोबरीची वाटते. त्या मानाने ‘जंगली’तली (१९६१) हसण्यावर बंदी घालणारी आई मजेदार असली तरी एकसुरी आहे. ‘श्री ४२०’मधली (१९५५) केळी विकणारी बाई मात्र दहा मिनिटांसाठी का होईना, अवश्य दाखवावी. ‘आनंद’ (१९७१) मुलांनी पाहिला असेल तर त्यातल्या नर्सिंग होमच्या मेट्रनचे आडनावही डिसाच आहे आणि दिग्दर्शकही तेच आहेत, याची त्यांना आठवण करून द्यावी.

मराठीतले काही पाहायचे झाल्यास प्रभातचा ‘रामशास्त्री’ (१९४४) निवडावा. गजानन जागीरदार यांच्या रामशास्त्र्यांसमवेत त्यात ललिताबाईंची आनंदीबाई आहे. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून सासूबाईंच्या पिढीला ती पाठ आहे. ती गोष्ट चित्रपटाआधी नातवंडांना सांगण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे.